न्यूझीलंडचं ‘हक्काचं गिऱ्हाईक’ आणि ऑस्ट्रेलियाच्या गाड्या

प्रश्न: मी रिटायर्ड फिटर आहे, ३० वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढली. मुलगा ऑकलंडला असतो, त्याने तिथे २०१२ ची होल्डन कमोडोर घेतली, गाडी दणकट आहे पण कंपनी बंद झालीय म्हणे. ऑस्ट्रेलियासारखा पैसेवाला देश, शेजारी न्यूझीलंडचं हक्काचं गिऱ्हाईक, दोन्हीकडे स्टिअरिंग उजवीकडे, मग गाड्या बनवणं बंदच का केलं? आणि पार्ट मिळतील का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: काका, आधी पार्टचं सांगते. होल्डनची मालक कंपनी जनरल मोटर्सने २०२० च्या फेब्रुवारीत होल्डन हे नावच बंद करायचं जाहीर केलं, पण सर्व्हिस आणि पार्ट निदान १० वर्षं देऊ असंही तेव्हाच सांगितलं. शिवाय तिकडे कमोडोर इतक्या खपल्यात की जुन्या गाड्यांचे सुटे भागही मिळतात, त्यामुळे लगेच विकायची घाई नको.

आता तुमचा ‘हक्काचं गिऱ्हाईक’ हा शब्द, खरी मेख तिथेच आहे.

पहिली होल्डन २९ नोव्हेंबर १९४८ ला मेलबर्नजवळच्या फिशरमन्स बेंडला पंतप्रधान चिफलींच्या हस्ते बाहेर आली आणि १९५४ मध्ये गाड्या न्यूझीलंडला जायला लागल्या. पण न्यूझीलंडलाही आपल्या पोरांना काम हवं होतं ना, म्हणून तयार गाडीवर ड्युटी जास्त आणि सुट्या भागांवर कमी, त्यामुळे काही वर्षांतच होल्डन पेटाऱ्यांत भरून वेलिंग्टनजवळच्या पेटोनला जायची आणि जोडणी तिथले कामगार करायचे. वर इम्पोर्ट लायसन्सची भानगड, गाड्या एवढ्या कमी की जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकली जायची. आपल्याकडे चेतकचा नंबर लागायला किती वर्षं लागायची आणि हातातली स्कूटर कशी वरच्या भावाने जायची ते तुम्ही पाहिलंच असेल, अगदी तसंच.

१९८३ मध्ये दोन्ही देशांत मुक्त व्यापाराचा करार झाला तेव्हा ऑस्ट्रेलियाला वाटलं असणार आता शेजार आपलाच. पण ८० च्या दशकाच्या शेवटी न्यूझीलंडने जपानच्या सेकंडहँड गाड्यांना दार उघडलं. जपानमध्ये गाडी जुनी झाली की सक्तीच्या तपासणीचा खर्च परवडत नाही, लोक चांगली चालणारी गाडी काढून टाकतात, आणि स्टिअरिंग तिथेही उजवीकडेच, म्हणजे तुम्ही म्हणता तो फायदा जपानलाही होताच! मुलाला विचारा, तिथे कितीतरी गाड्यांचा रेडिओ ९० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही कारण तो जपानसाठी बनलेला असतो, मग लोकल स्टेशन लावायला वेगळी डबी बसवावी लागते.

१९९८ मध्ये न्यूझीलंडने गाड्यांवरची ड्युटी शून्यच केली. तिथले स्वतःचे जोडणी कारखाने त्याच वर्षी संपले, आणि ऑस्ट्रेलियाला करारामुळे जी सवलत होती तिला काही अर्थच उरला नाही, कारण आता सगळ्यांनाच ड्युटी माफ. होल्डनची कमोडोर आणि फोर्डची फाल्कन तरी बरीच वर्षं खपत राहिल्या, पोलिसांकडेसुद्धा होल्डनच असायच्या, पण ५० लाखांच्या आसपास लोकांचा तो देश, २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती. एवढ्याशा बाजारावर कारखाना कसा चालणार? ऑस्ट्रेलियातून सगळ्यात जास्त बाहेर जाणारी गाडी तर टोयोटा कॅम्री, ती चालली आखाती देशांकडे.

ऑस्ट्रेलियात घरीही तेच झालं. परदेशी गाड्यांवरची ड्युटी ८० च्या दशकात ५७.५ टक्के होती ती २०१० पर्यंत ५ वर आली, २००५ पासून थायलंडचे पिकअप करारामुळे ड्युटीशिवाय यायला लागले, आणि खाणींच्या तेजीत ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरच्याही वर गेला, म्हणजे तिथली गाडी बाहेर विकायला अजूनच महाग. मग कारखाने एकेक करून बंद झाले: २००८ ला मित्सुबिशी, २०१६ च्या ऑक्टोबरात फोर्ड, ३ ऑक्टोबर २०१७ ला टोयोटा आणि २० ऑक्टोबरला ॲडलेडजवळच्या एलिझाबेथची होल्डन. शेवटची गाडी लाल कमोडोर होती. कारखान्याच्या गेटबाहेर लोक आपापल्या जुन्या होल्डन घेऊन उभे होते. काका, मी कारखान्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या वस्तीत वाढले, त्यामुळे ते वाचताना अजूनही पोटात कालवतं. परवडत नव्हतं हे खरंच, पण ड्युटी उतरवताना जेवढा विचार केला तेवढा त्या हातांचा पुढे काय उपयोग करायचा याचा केला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलाला सांगा, गाडीचा चेसिस नंबर बघ. ६ ने सुरू होत असेल तर ऑस्ट्रेलियात बनलेली, केएल असेल तर कोरियातून आणून होल्डनचा लोगो लावलेली. २०१८ नंतरची कमोडोर तर जर्मनीहून यायची. त्याची २०१२ ची आहे म्हणजे एलिझाबेथचीच. इंजिन ऑइल वेळेवर बदलायला सांगा आणि जपून वापरू दे.