स्लाइडवर दिसले, मग नाव परवा का?

प्रश्न: आईला लघवीला जळजळ होत होती म्हणून लघवी कल्चरला (जंतू वाढवून बघायला) दिली. त्याच दिवशी लॅबला फोन केला तर म्हणाले, ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय दिसतायत, नाव परवा कळेल. मायक्रोस्कोपखाली दिसले ना, मग लगेच का नाही सांगत? – एक वाचिका, सांगली

उत्तर: ताई, लॅबच्या काउंटरवर हे रोज कोणीतरी विचारतंच, आणि विचारायलाच पाहिजे. पान बघून आंबा की फणस ते सांगता येतं, बॅक्टेरियाचं तसं नाही, हजार पट मोठं करून बघितलं तरी गोल दाणे दिसतात नाहीतर काड्या, फार तर वळणदार काड्या. बॅसिलाय म्हणजे त्या काड्याच. टायफॉइडची काडी आणि आपल्या आतड्यात गुपचूप राहणारी ई. कोलायची काडी शेजारी ठेवली तर इतकी वर्षं हेच काम करूनही मला नुसतं बघून फरक सांगता येणार नाही.

ग्रॅम हे डेन्मार्कच्या डॉक्टरांचं नाव, हान्स क्रिश्चन ग्रॅम, त्यांनी 1884 साली बर्लिनमध्ये काम करताना ही रंगाची पद्धत छापली. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी लालसर रंग. ज्यांची भिंत जाड त्यांच्यात जांभळा अडकून बसतो, ते पॉझिटिव्ह. पातळ भिंतवाल्यांचा धुऊन जातो, ते गुलाबी दिसतात, ते निगेटिव्ह. त्यामुळे इथे निगेटिव्ह म्हणजे इन्फेक्शन नाही असं समजू नका.

खरी ओळख पटते ती कोण काय खातंय त्यावरून. म्हणून सँपल जंतूंचं खाद्य असलेल्या प्लेटवर पसरून 37 डिग्रीला रात्रभर ठेवतो, ई. कोलाय चांगलं खायला मिळालं तर वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, सकाळपर्यंत एकाचे इतके होतात की नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसतो, त्याला आम्ही कॉलनी म्हणतो. मॅकॉन्की नावाच्या प्लेटमध्ये दुधातली साखर असते, ई. कोलाय ती खाऊन ॲसिड सोडतो आणि कॉलनी गुलाबी होते, टायफॉइडवाला ती खात नाही म्हणून फिकी राहते. पण क्लेबसिएला नावाचा दुसरा बॅक्टेरियाही गुलाबीच येतो! मग इंडोल टेस्ट, म्हणजे बॅक्टेरिया इंडोल नावाचा पदार्थ बनवतो का ते बघायचं, लाल रिंग आली तर बहुतेक ई. कोलाय, आणि अशा चारपाच टेस्ट जुळल्या की मगच नाव लिहितो. कुठलं औषध लागू पडेल ते बघायला अजून एक रात्र जाते, आणि आईंसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

मोठ्या हॉस्पिटलांत आता मॅल्डी-टॉफ मशीन आलंय, लेझर मारून प्रोटीनच्या वजनांवरून काही मिनिटांत नाव देतं, पण बहुतेक वेळा त्यालाही वाढलेली कॉलनी लागतेच. जीन वाचूनही ओळखतात, 16एस नावाचा साधारण 1500 अक्षरांचा जीन. तोही सगळीकडे पुरत नाही बरं का, शिगेला आणि ई. कोलाय डीएनएने इतके जवळचे आहेत की खरं तर एकच प्रजाती म्हणावी लागेल, पण शिगेलाने रक्ती आव होते म्हणून डॉक्टरांनी नाव वेगळंच ठेवलंय.

पुढच्या वेळी सँपल अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्या, मधल्या धारेचं (सुरुवातीची थोडी लघवी सोडून मग घेतलेलं), आणि पोचायला दोन तासांपेक्षा जास्त लागणार असतील तर फ्रिजमध्ये ठेवून न्या. आणि आईंनी या वेळी गोळी आधीच घेतली असेल तर आजच लॅबला फोन करून तसं सांगा, नाहीतर गोळीमुळे प्लेटवर काही वाढलं नाही तर आम्हाला वाटेल इन्फेक्शनच नाहीये.