आईच्या रिचार्जचा प्रश्न दिल्लीपर्यंत का जातो

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. आई फोन फक्त बोलायला वापरते, तरी दर २८ दिवसांनी डेटासकट पॅक का मारावा लागतो? तिला आता ५जी फोन घेऊन द्यावा का? आणि ट्राय (दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणारी नियामक संस्था) आणि सरकार यात काही करत का नाही, सरकार बदललं तर फरक पडेल का? मी सरकारी टेलिफोन खात्यात २६ वर्षं काढली आणि जानेवारी २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यामुळे मतं पक्की आहेत, ती तशीच मांडतो.

आधी फोनचं. नुसतं बोलायला ५जी लागत नाही. आईकडे व्हीओएलटीई (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) असलेला ४जी फोन असेल, बॅटरी टिकत असेल आणि स्पीकरचा आवाज तिला नीट ऐकू येत असेल, तर नवा फोन घेऊ नका. आपल्याकडे ५जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं. त्या लहरी फार लांब जात नाहीत आणि भिंतीही नीट ओलांडत नाहीत. दुकानात दाखवतात तो वेग टॉवरजवळचा असतो. जाड भिंतींच्या घरात आई माजघरात बसली की फोन पुन्हा ४जीवर येतो. फोन बदलायचाच असेल तर मेगापिक्सेल बघण्याआधी सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो, म्हणून हे मी कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचं मानतो. साधा बटणांचा २जी फोन असेल तर मात्र एक लक्षात ठेवा: जिओकडे २जी नाहीच, तो फोन तिथे चालणार नाही.

आता पॅक. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज होतात, कारण १३ गुणिले २८ म्हणजे ३६४. हे लोकांच्या ध्यानात यायला फार वेळ गेला. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने आदेश काढला की प्रत्येक कंपनीने किमान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने सुरू होणारा ठेवलाच पाहिजे. त्याहून मोठी गोष्ट डिसेंबर २०२४ ची. ट्रायने नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल अशी सोय केली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी ते पॅक आणले. आधी महाग निघाले, ट्रायने तपासू म्हटल्यावर काहींचे भाव उतरले. म्हणजे तुमच्या आईला हवा तो पॅक आज मिळतो. ॲप उघडल्यावर तो समोर दिसत नाही, खाली शोधावा लागतो, आणि रिचार्जवाला आपणहून सांगत नाही. तुम्ही ‘फक्त कॉलिंगचा, डेटा नको’ असं स्पष्ट मागा. ८४ दिवसांचा किंवा वर्षाचा घेतलात तर दर महिन्याची कटकटही मिटेल.

इथपर्यंतचं काम उद्या होऊन जाईल. तुमचा तिसरा प्रश्न मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा लँडलाइनसाठी लोक वर्षानुवर्षं प्रतीक्षा यादीत असायचे. खासदारांना शिफारशीचा कोटा होता. त्यांची चिठ्ठी आणली की नंबर पुढे सरकायचा. ज्याची ओळख नाही तो यादीतच राहायचा. मी ती यादी रोज पाहिली आहे, म्हणून ‘फोनमध्ये राजकारण आणू नका’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. फोन आणि राजकारण आपल्याकडे पहिल्यापासून एकत्र आहेत. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तोही मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवायची सवय आपल्याला त्या दिवसांनी लावली. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, आणि ते धोरण बदलल्यामुळे झालं.

ट्राय १९९७ मध्ये कायद्याने उभी राहिली. तिचे दोन अधिकार वेगळे समजून घ्या. परवाने आणि स्पेक्ट्रम (मोबाइलसाठीच्या लहरींचे पट्टे) याबद्दल ती फक्त शिफारस करते, सरकारने ती मानलीच पाहिजे असं नाही. दरांबाबत मात्र तिचा आदेश बंधनकारक असतो. मोबाइलचे दर तिने कंपन्यांवर सोपवलेले आहेत. कंपनी पॅक ठरवते आणि ट्रायला कळवते. बाजारात दहा-बारा कंपन्या होत्या तोवर हे ठीक चाललं. एकीने भाव वाढवला की गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा मी खात्यात असूनही आनंदलो होतो, कारण गिऱ्हाइकाच्या हातात पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली. आधी डिसेंबरपर्यंत फुकट, मग नव्या नावाने मार्चपर्यंत फुकट. प्रारंभीच्या सवलतीला ९० दिवसांची मर्यादा होती आणि ती ओलांडली गेली, असा बाकीच्या कंपन्यांचा आक्षेप होता. ट्रायने दुसरी योजना वेगळी धरली. डेटा स्वस्त झाला, घरोघरी पोचला, ते मी नाकारत नाही. पण एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने गाशा गुंडाळला, टाटाचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढेच उरले. त्यानंतर डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४, तिन्ही वेळा खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. पोर्ट करायचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा, हक्क कागदावर तसाच आहे. पण जायचं कुठे? तिन्ही दुकानांत भाव जवळपास सारखाच.

माझं म्हणणं असं की स्पर्धेच्या भरवशावर दर मोकळे सोडले होते, ती स्पर्धा आता तेवढी राहिलेली नाही, तेव्हा निदान एका मूलभूत पॅकला कमाल दर लावायला हवा. कॉल, एसएमएस, महिनाभराची मुदत, बस्स. बाकीचे पॅक कंपन्यांनी हवे तसे विकावेत. ट्रायला हे करता येतं. रोमिंगच्या दरांची कमाल मर्यादा तिनेच ठरवली होती आणि २०१५ मध्ये ती आणखी खाली आणली.

मग ती करत का नाही? इथे सरकार येतं. सगळी नाती एकापुढे एक ठेवून बघा. केंद्र सरकार परवाना देतं. स्पेक्ट्रमचा लिलाव करून पैसे घेतं, २०२२ च्या लिलावात बोली दीड लाख कोटींवर गेली. कंपन्यांच्या महसुलातून परवाना शुल्क घेतं. तुमच्या आईच्या प्रत्येक रिचार्जवरच्या १८ टक्के जीएसटीतला आपला वाटा घेतं. बीएसएनएलची मालकी सरकारची. व्होडाफोन आयडियाच्या थकबाकीचं भागभांडवल करून घेतल्यामुळे २०२५ पासून तिथेही सुमारे ४९ टक्के वाटा सरकारचा. आणि ट्रायचा अध्यक्षही तेच सरकार नेमतं. दर चढले की ज्याची तिजोरी भरते, त्यानेच नेमलेल्या माणसाने दर रोखावेत अशी अपेक्षा आपण करतो. मी कुणा अध्यक्षाच्या सचोटीवर बोट ठेवत नाही, त्यांच्यातली चांगली माणसं मला माहीत आहेत. रचनाच चुकीची आहे.

हे एका पक्षाचं पाप नाही, म्हणून सरकार बदललं की आपोआप सुधारेल असं मला वाटत नाही. २००८ मध्ये यूपीएच्या काळात वाटलेले २जीचे १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ ला रद्द केले. फौजदारी खटल्यात पुढे २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले, पण वाटपाची पद्धत मनमानी होती हे सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं कायम आहे. ट्रायच्या अध्यक्षाने नंतर सरकारी पद घेऊ नये असं कायदा सांगत होता. मे २०१४ मध्ये नवं सरकार आल्याबरोबर वटहुकूम काढून ते कलम बदललं, कारण माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्र यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव करायचं होतं. मिश्र अनुभवी अधिकारी होते, पण ते कलम नियामकाने सरकारकडे आशेने बघू नये म्हणून होतं, आणि ते एका नेमणुकीसाठी गेलं. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा डिसेंबर २०२३ मध्ये दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून मंजूर झाला, आणि त्या वेळी विरोधी बाकांवरचे शंभराहून जास्त खासदार निलंबित होते. इंटरनेट बंद करण्यापासून कॉल ऐकण्यापर्यंतचे अधिकार ज्यात आहेत, त्या कायद्यावर पुरेशी चर्चा झाली नाही याचं मला आजही दुःख होतं.

बीएसएनएलबद्दल लोक विचारतात, तेही सांगून टाकतो. खासगी कंपन्यांचं ४जी २०१२ मध्ये सुरू झालं. बीएसएनएलला ४जीचं स्पेक्ट्रम देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला ऑक्टोबर २०१९ मध्ये. २०२० मध्ये उपकरणांची निविदा रद्द झाली, आणि देशी बनावटीच्या जाळ्याचं उद्‌घाटन व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. देशी तंत्रज्ञान उभं राहिलं याचा मला मनापासून अभिमान आहे. पण मधली वर्षं गेली ती गेलीच. चौथा सशक्त पर्याय त्या वर्षांत असता तर जुलै २०२४ ची दरवाढ इतकी सहज झाली नसती, असं माझं ठाम मत आहे. आईच्या गावात बीएसएनएलची रेंज घरात येत असेल तर तो पर्याय आधी बघा.

लोकांच्या रेट्याने ट्राय हलते, हे मी दोनदा पाहिलं. २०१५ मध्ये काही ॲप फुकट आणि बाकीच्यांना पैसे, अशा योजना येऊ घातल्या तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला तिने डेटाच्या भेदभावी दरांवर बंदी घातली. निवडक संकेतस्थळं फुकट देणारी फेसबुकची फ्री बेसिक्स योजना त्यात थांबली. दुसऱ्यांदा ती हरली, पण हलली खरी: कॉल मध्येच तुटला तर ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, असा नियम तिने केला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. डिसेंबर २०२५ मध्ये संचार साथी हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनवर आधीच टाकून देण्याची सक्ती सरकारने काही दिवसांत मागे घेतली, तीही लोक बोलले म्हणून. ॲप मला स्वतःला उपयोगी वाटतं. चोरीचा फोन बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिम आहेत ते कळतं, आईच्या नावाचं एकदा तपासाच. पण ते ठेवायचं की नाही हे फोनच्या मालकाने ठरवायचं.

म्हणून ट्रायचा सल्लामसलतीचा कागद, म्हणजे लोकांची मतं मागवणारा मसुदा, निघाला की चार ओळी लिहून पाठवा. विषय नेमका ठेवा. आणि निवडणुकीत उमेदवार दारात आला की विचारा: ट्रायचा अध्यक्ष निवडायला पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि विरोधी पक्षनेता अशी समिती का नसावी? सीबीआयच्या संचालकासाठी ती आहे. मी गेल्या वेळी दोघांना विचारलं, दोघांनाही प्रश्न नवा होता.

तक्रारीचं थोडक्यात. ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार सोडवत नाही, तिकडे लिहून वेळ घालवू नका. आधी कंपनीकडे तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. माझ्या पत्नीच्या नंबरवर न मागता कॉलर ट्यून लागली होती आणि दरमहा पैसे जात होते. ग्राहक सेवेने दोनदा हात झटकले. अपिलात डॉकेट नंबर आणि कापलेल्या रकमांच्या तारखा दिल्यावर सगळे पैसे परत आले. अशी सेवा बंद करायला १५५२२३ हा क्रमांक आहे. तरीही नाहीच ऐकलं तर ग्राहक आयोग आहे. मधली काही वर्षं ती वाट बंद होती, फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोकळी केली. बिघाड होऊन जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर एप्रिल २०२५ पासून प्रीपेडची मुदत वाढवून मिळते. अशा वेळी तारखा लिहून ठेवा.

आईचं गाव कुठलं, आणि घरात, अंगणात नव्हे, कोणत्या कंपनीची रेंज मिळते, तेवढं कळवा. शेजारच्या दोन-तीन जणांचे फोन घरात आणून बघितलेत तर उत्तम. मग पॅक आणि पोर्टचं नेमकं सांगतो.