टॅक्रोलिमस चालू असताना कॅल्शियमची गोळी चालते का?

ताई, तुमच्या भावाची किडनी बदललीय, टॅक्रोलिमस (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालूय, डॉक्टर म्हणाले हे औषध कॅल्शियमवर चालणारं एन्झाइम दाबून ठेवतं, आणि वर कॅल्शियमचीच गोळी लिहून दिली, मग औषध फुकट जाणार का असं विचारलंय तुम्ही. नाही ओ, तसं नसतंय. मी सोलापुरातच लॅबमध्ये रक्त घेतो, हा घोळ बऱ्याच जणांचा होतो.

उजनी भरली म्हणून आपल्या नळाला रोज पाणी येतंय का? व्हॉल्व्ह खोलणारा यावा लागतो की. टी-सेलचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीचं, तसंच. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण 10 हजार पट, तरी आपोआप आत शिरत नाही. परकं काही दिसलं की ती आधी घरातली छोटी टाकी रिकामी करते, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणतात ते, टाकी खाली झाल्याचं स्टिम-1 नावाच्या प्रोटीनला कळतं आणि ते ओराय-1 चं दार उघडतं, मग बाहेरचं आत. काही बाळांत हे ओराय-1 जन्मतःच बिघडलेलं असतं, रक्तात टी-सेल असतात पण इन्फेक्शनशी लढत नाहीत, 2006 साली हे उलगडलं.

आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, ते कॅल्सिन्युरिनला जागं करतं (तुमच्या डॉक्टरांचं एन्झाइम ते हेच), आणि ते एनफॅट नावाच्या प्रोटीनवरचे फॉस्फेट काढून टाकतं. एनफॅट मग न्यूक्लियसमध्ये जातं आणि आयएल-2 (पेशींना वाढायचा निरोप देणारं प्रोटीन) तयार करायला लावतं, तिथून पेशींची फौज वाढते. टॅक्रोलिमस यात कॅल्शियमला हातच लावत नाही! ते पेशीतल्या एफकेबीपी-12 या प्रोटीनला धरून दोघं मिळून कॅल्सिन्युरिनवर ठाण मांडतात. म्हणजे पाणी आलं पण मोटारच जाम.

गोळीतलं कॅल्शियम हाडांसाठी आहे, सोबतच्या स्टेरॉइडनं हाडं झिजतात म्हणून. वेळा मात्र डॉक्टरांनाच विचारा, मनानं काही बंद करू नका.

खरी चूक होते ती लेव्हलच्या दिवशी, म्हणजे रक्तात टॅक्रोलिमस किती आहे ते तपासतात तेव्हा; हे रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं. एक काका भाकरी खाऊन, सकाळची टॅक्रोलिमसची गोळी घेऊनच आले आणि मला सांगितलंच नाही, जांभळ्या झाकणाची ट्यूब पुण्याला गेली, रिपोर्ट भलताच वर आला, घरचे सगळे घाबरले, परत सुई टोचून घ्यावी लागली. भावाला सांगा, त्या दिवशी टॅक्रोलिमसची गोळी खिशात घालून जा, रक्त दिलं की तिथंच पाणी मागून घे.