मातीचे धरण, सांडवा आणि पूर: सत्तरीतल्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचे पत्र आले आहे. त्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला व्हाळावर (ओढ्यावर) मातीचे छोटे धरण आहे, खाली भातशेती आणि कुळागरे (सुपारीच्या बागा). त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. धरण असूनही जुलै 2021 मध्ये शेते का बुडाली? वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला) पाणी पुरावे म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, मातीच्या गोण्या रचून पातळी अर्धा मीटर चढवली आहे, ते चालेल का? बांधाच्या पायथ्याशी ओल दिसते, ती चिकणमातीने बुजवावी का? आणि बांधावर वाढलेली काजूची झाडे ठेवावीत की तोडावीत?

गोण्यांचे आधी सांगतो, कारण बाकीचे प्रश्न थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. गोण्या या आठवड्यातच काढा.

मातीच्या धरणावरून पाणी जाऊ देता येत नाही. दगडी किंवा काँक्रीटच्या बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी गेले तरी तो बहुधा टिकतो. मातीच्या बांधावरून वीतभर पाणी जरी काही वेळ वाहिले, तरी मागचा उतार धुपू लागतो, घळ पडते, आणि ती घळ पाण्याकडे सरकत गेली की सगळा साठा एकदम खाली येतो. म्हणून बाजूला सांडवा ठेवलेला असतो. बांध आणि पूर यांच्यामध्ये तेवढीच एक वाट आहे.

आता हिशेब करू. समजा सांडवा 10 मीटर रुंद आहे आणि बांधाचा माथा सांडव्यापेक्षा दीड मीटर उंच आहे. लाटा आणि बांधाचा खचाव यांसाठी वरचा अर्धा मीटर कधीही पाण्याखाली जाऊ द्यायचा नसतो. राहिला एक मीटर. एक मीटर जाडीचे पाणी अशा सांडव्यावरून सेकंदाला साधारण 17 घनमीटर जाते. तुम्ही गोण्यांनी अर्धा मीटर अडवला की उरलेल्या अर्ध्या मीटरमधून निम्मे पाणी जाईल असे वाटते. तसे होत नाही. सेकंदाला फक्त 6 घनमीटरच्या आसपास जाते, म्हणजे तिसरा हिस्सा. त्यात वरून आलेल्या फांद्या आणि बांबूची बेटे गोण्यांना अडकली की तेवढीही वाट राहत नाही. अर्ध्या मीटरच्या जादा पाण्यासाठी खालच्या घरांवर एवढा धोका ओढवून घेऊ नका.

वायंगणाच्या पाण्याला दुसरा मार्ग आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तळातला पाणी सोडायचा दरवाजा उघडा ठेवा, तलाव शक्य तितका खाली राहू द्या आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून टप्प्याटप्प्याने भरून घ्या. आपल्याकडचे व्हाळ पाऊस ओसरल्यावरही बरेच दिवस वाहतात, त्यामुळे उशिरा भरायला घेतल्याने सहसा तोटा होत नाही. मात्र ऑक्टोबर आला म्हणजे पूर संपला असे धरू नका. दक्षिण गोव्यातल्या काणकोणात आलेला मोठा पूर 2 ऑक्टोबर 2009 चा होता. तेव्हा भरतानाही सांडवा मोकळाच हवा. जादा साठा खरोखर हवा असेल, तर बांध आणि सांडवा दोन्ही नव्याने आखून घ्यावे लागतील. ते काम जलस्रोत खात्याच्या अभियंत्याचे आहे, ते गोण्यांनी होत नाही.

याच हिशेबात पहिल्या प्रश्नाचेही उत्तर आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. तुमच्या धरणाच्या वर 50 हेक्टर डोंगर असेल आणि 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर 50 हजार घनमीटर पाणी पडते. भिजलेल्या जमिनीवरून त्यातले साठ टक्के जरी वाहून आले तरी 30 हजार. एक हेक्टर पसाऱ्याच्या तलावात सांडव्याखाली एक मीटर जागा रिकामी असेल, तर त्यात मावतात साधारण 10 हजार. तलाव आधीच काठोकाठ भरलेला असेल तर तेही नाहीत. वाळपई भागात जुलैमध्ये 100 मिलिमीटर ही एका दिवसाची गोष्ट आहे, आणि 2021 मध्ये तर पाऊस दिवसचे दिवस थांबला नव्हता.

याचा अर्थ धरण निरुपयोगी आहे असा नाही. सांडव्याच्या वर पाणी चढते तेव्हा तलावात थोडे पाणी तात्पुरते थांबते, लोंढ्याचा जोर मोडतो आणि खाली पाणी उशिरा व पसरून पोचते. मेरा (शेताचे बांध) फुटणे, गाळ पसरणे, रोपे उपटणे यांत याने फरक पडतो. पण हे काम ते फक्त आपल्या व्हाळापुरते करते. म्हादई नदी फुगून खालून पाणी मागे रेटते तेव्हा वरचे धरण काहीही करू शकत नाही. 23 जुलै 2021 ला सखल शेतात शिरलेले पाणी कोणत्या दिशेने आले, हे वडीलधाऱ्यांना विचारा. खालून आले असेल तर धरण उंच करून उपयोग नाही. त्या शेतांसाठी पाण्याचा निचरा आणि व्हाळाचे तोंड मोकळे ठेवणे याकडे लक्ष द्या.

पूर येणार असा अंदाज आला म्हणून तलाव घाईघाईने रिकामा करू नका. पाणी झपाट्याने उतरले की आतला उतार भिजलेलाच राहतो, त्याला बाहेरून असलेला पाण्याचा आधार मात्र जातो आणि माती घसरते. दिवसाला साधारण एक वीत, त्याहून वेगाने नको.

आता पायथ्याची ओल. प्रत्येक मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच. पाणी नितळ असेल, दर आठवड्याला तेवढेच येत असेल, तर घाबरायचे कारण नाही. एखाद्या बाटलीत ते भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला गाळ बसला असेल, तर पाणी बांधातली माती घेऊन येत आहे. आतून बोगदा होण्याची ही सुरुवात असते. पाणी गढूळ होणे, अचानक वाढणे, जमिनीतून बुडबुड्यासारखी वाळू उसळणे, किंवा बांधावर नवा खड्डा दिसणे, यातले काहीही दिसले तरी त्याच दिवशी कळवायचे.

आणि चिकणमाती लावायची नाही. हे मी आग्रहाने सांगतो, कारण गावोगावी नेमके तेच केले जाते. बाहेरच्या बाजूने पाण्याचे तोंड बंद केले की पाणी थांबत नाही. आत दाब वाढतो आणि ते दुसरीकडून, जास्त जोराने फुटते. पाण्याला बाहेर पडू द्यायचे, माती तेवढी अडवायची. त्यासाठी ओल्या जागेवर आधी स्वच्छ जाडी वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, असे थर द्यायचे आणि निघालेले पाणी चराने दूर न्यायचे. वाळू उसळत असेल तर तिच्याभोवती मातीच्या गोण्यांचे कडे करा, आत थोडे पाणी साचू द्या, म्हणजे उसळण्याचा जोर कमी होतो. इथे गोण्या उपयोगी आहेत, सांडव्यावर नाहीत. गळती पाण्याच्या बाजूने बंद करायची असते, तीही तलाव उतरल्यावर.

तेव्हा माती कोणती वापरायची, हेही महत्त्वाचे. आपल्याकडे हाताशी असते ती जांभ्याची लाल, खडेयुक्त माती. ती नुसती टाकली तर पाणी धरत नाही. खडे काढलेली चिकण माती किंचित ओली करून वीतभराच्या थरांनी टाका आणि प्रत्येक थर धुम्मसने (माती ठोकायच्या जड ठोकण्याने) चांगला ठोका. जुन्या बांधाला पायऱ्या कापून नवी माती त्यात अडकवा, नाहीतर ती पहिल्याच पावसात वेगळी होऊन घसरेल.

काजूच्या झाडांबद्दल: बांधावर मोठे झाड नको. मुळे पाण्याच्या शोधात आत जातात, झाड मेले की ती कुजतात आणि पाण्याला तयार वाट मिळते. वादळात झाड उन्मळले तर मातीचा गोळाच निघतो. हातभर उंचीची रोपे आताच उपटा. मोठी झाडे मात्र भर पावसाळ्यात तोडू नका. उन्हाळ्यात तलाव उतरल्यावर, अभियंत्याला दाखवून, मुळासकट काढा आणि खड्डा वर सांगितल्याप्रमाणे ठोकून भरा. जागा उघडी ठेवू नका, हरळी किंवा वाळा लावा. बांधावरून म्हशींची पायवाट पडली असेल तर तिथे माथा खोलगट झालेला असतो, आणि पूर आला की पाणी पहिल्यांदा तिथूनच ओलांडते. उन्हाळ्यातच ती जागा भरून सपाट करा. उंदीर-घुशींची बिळे, खेकड्यांची भोके आणि वारुळेही तेव्हाच उकरून ठोकून बुजवा.

शेवटी, हे बघायचे कोणी? 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरमधल्या धरणांना तो लांबी, साठा अशा अटींपैकी निदान एक पूर्ण झाली तरच लागू होतो. तुमच्यासारखी छोटी धरणे बहुतेक त्यात बसत नाहीत, म्हणून नियमित तपासणी होईलच असे धरून चालता येत नाही. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. तेही मातीचेच होते, आणि गळतीची तक्रार गावकरी आधीपासून करत होते. म्हणून ग्रामसभेत ठराव करून दोन माणसे नेमा. पावसाळ्यात रोज एकदा, आणि जोराच्या पावसात दर काही तासांनी, त्यांनी बांधाच्या पायथ्याने चालत जावे, माथ्यावरून नव्हे. पाण्याची पातळी, गळती, सांडव्यात अडकलेला कचरा, सगळे वहीत तारखेसह लिहावे. तक्रार पंचायतीला आणि जलस्रोत खात्याला लेखी द्या आणि पोच घ्या. वहीची प्रत जोडलेली तक्रार बाजूला सारणे कठीण असते.

गढूळ पाणी जोरात येऊ लागले किंवा माथ्यावरून पाणी जायला लागले, तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. आधी खालच्या घरांतली माणसे आणि गोठ्यातली गुरे उंचावर न्या, 112 ला फोन करा, मामलेदारांना कळवा. बांधावर कोणालाही पाठवू नका.