केआय-67 जास्त आलं म्हणजे हाडातली गाठ परत येणारच का?

ताई, तसं नाही. कळव्याच्या तुमच्या 24 वर्षांच्या भाच्याला गुडघ्याजवळ जायंट सेल ट्यूमर झालाय, म्हणजे हाडातली, सहसा कर्करोग नसलेली गाठ. केआय-67 हे विभाजनाच्या तयारीतल्या पेशींच्या केंद्रकातलं प्रथिन. स्लाइडवर ती केंद्रकं तपकिरी दिसतात, त्यांची टक्केवारी रिपोर्टात येते. या गाठीत पेशी मुळातच भराभर वाढतात, म्हणून एकट्या आकड्यावरून भाकीत करता येत नाही. जी34डब्ल्यू (या गाठीत सापडणाऱ्या जनुकीय बदलाची तपासणी) पॉझिटिव्ह असेल तर निदान पक्कं होतं, एवढंच. खरा फरक पडतो तो गाठ किती निगुतीनं खरवडून काढली यानं. पहिली दोन-तीन वर्षं फॉलोअप अजिबात चुकवू नका, छातीचा एक्स-रेसुद्धा. आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे, लॅबमधून मागून घ्या. परळला टाटामध्ये दुसरं मत घ्यायचं झालं तर तेच लागतील.