काकांचं स्लोव्हाकिया आणि तुझं 'मुंबईजवळ'

आक्का, नमस्कार.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. लग्न झाल्यापासून ल्युब्लियानात राहते, म्हणजे स्लोव्हेनियाच्या राजधानीत. नवऱ्याची नोकरी तिथं, आता माझीही तिथंच. मे महिन्यात चुलतभावाच्या साखरपुड्याला कोल्हापूरला आले होते. कार्यालयात काकांनी नव्या व्याह्यांना माझी ओळख करून दिली, "ही आमची पुतणी, स्लोव्हाकियाला असते." मी हळूच म्हटलं, "काका, स्लोव्हेनिया." तर म्हणाले, "तेच गं ते, जर्मनीच्या तिकडं." माझं डोकंच फिरलं. मोबाईलवर नकाशा काढून सगळ्यांपुढं धरला आणि बोलून गेले, "इतकी वर्षं सांगतेय, साधं नाव लक्षात राहत नाही?" व्याही हसायला लागले. त्या दिवसापासून काकांनी बोलणं टाकलंय. आई म्हणते, माफी माग आणि मिटव.

तिकडं निराळीच तऱ्हा. "इंडियात कुठं?" असं कुणी विचारलं की "मुंबईजवळ" म्हणून मी सुटते. कोल्हापूर समजावून सांगायचा कंटाळा येतो. परवा ऑफिसातल्या एकीनं सहज विचारलं, "तुमच्याकडं पाऊस पडतो, की वाळवंटच आहे?" आणि मला जेवता जेवता रडू आलं. दोन्हीकडं मला कुणी ओळखतच नाही असं वाटतं. काकांची माफी मागू का? आणि "मुंबईजवळ" म्हणते ते चूक आहे का?

– पेठेतली लेक

पोरी,

काकांची माफी माग. स्लोव्हेनियाबद्दल नको, व्याह्यांबद्दल माग. पोटच्या पोराचा साखरपुडा, समोर नवे सोयरे, फेटा बांधून बसलेला माणूस, आणि त्याच्या तोंडापुढं पुतणी मोबाईल धरते. बोललीस ते खरंच होतं, पण हेच रात्री घरी, पाहुणे पांगल्यावर बोलली असतीस तर काका फार तर "बरं बाई, तुझंच खरं" म्हणाले असते. तेव्हा गणपतीला जाईन तेव्हा बघू असं करत बसू नकोस. फोन लाव आणि एवढंच म्हण, "काका, चारचौघांत बोलायला नको होतं." त्याच्या शेपटीला "पण" लावू नकोस. तुला जे सांगायचंय ते पुढच्या फोनला ठेव.

आता नावाच्या घोळाचं. या घोळात काकांना सोबत मोठी आहे. १९९९ साली जॉर्ज बुश टेक्सासचे गव्हर्नर होते आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले होते. एका स्लोव्हाक पत्रकाराला त्यांनी सांगितलं की स्लोव्हाकियाबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते तुमच्या परराष्ट्रमंत्र्यांकडून, ते टेक्सासला येऊन गेले ना. येऊन गेले होते ते स्लोव्हेनियाचे पंतप्रधान! देशही चुकला, हुद्दाही चुकला. तिथं काकांचं काय घेऊन बसलीस. झेंडे बघितलेस तर दोन्ही पांढरा-निळा-तांबडा, दोन्हीवर एकेक ढाल. दोघांच्या मधे ऑस्ट्रिया आणि हंगेरी आहेत, हद्दीला हद्द कुठंच लागत नाही, हे नकाशा उघडल्याशिवाय कुणाला कळणार?

शिवाय काका शाळेत कधी होते त्याचाही हिशेब कर. पोराचं लग्न ठरवणारा माणूस म्हणजे पन्नाशी ओलांडलेला. त्यांच्या भूगोलाच्या पुस्तकात हे दोन्ही देशच नव्हते. स्लोव्हेनिया युगोस्लाव्हियातून बाहेर पडला २५ जून १९९१ ला, आणि स्लोव्हाकिया चेकोस्लोव्हाकियातून वेगळा झाला १ जानेवारी १९९३ ला. पुढं नकाशा बदलला म्हणून कुणी काकांना परत वर्गात बसवलं नाही. तू त्यांना "युगोस्लाव्हिया" म्हणून बघ. युगोस्लाव्हियाचे टिटो, आपले नेहरू, इजिप्तचे नासर, अलिप्त राष्ट्रं, १९६१ ची बेलग्रेडची परिषद, त्या पिढीनं हे परीक्षेत लिहिलंय. टिटोची आई स्लोव्हेनियातली होती, हेही सांग. पुढच्या लग्नात काका ते व्याह्यांना ऐकवतील आणि वर असं दाखवतील की त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. दाखवू देत.

म्हणून तुझा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. पत्र वाचताना मला "स्लोव्हाकिया" नाही खुपलं, "तेच गं ते" खुपलं. आपल्याकडं परदेश म्हणजे एकच एक गाव असतं आणि त्याचं नाव फॉरेन. तिथून आलेल्या माणसाला कार्यालयात काय विचारतात ते मला पाठ आहे. थंडी किती, पगार किती, घर भाड्याचं का स्वतःचं, भाकरीचं पीठ मिळतं का, आणि परत कधी येणार. शेवटच्याचं उत्तर ऐकायला थांबत नाही कुणी, कारण तोवर पंगत बसलेली असते. तुझ्या गावात नदी आहे का, शेजारीण कशी आहे, ऑफिसात तू नेमकं करतेस काय, हे तुला आजवर कितीजणांनी विचारलं? तू नकाशा उघडलास तो या न विचारलेल्या प्रश्नांच्या रागानं उघडलास, असं मला वाटतं.

हे काकांना कसं सांगायचं? चपलेवरून सांग. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा या बड्या इटालियन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि तिला नुसतं लेदर सँडल म्हटलं. २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आपली चप्पल! केवढा गहजब झाला, आठवतोय ना? भारतीय कारागिरीवरून घेतलंय हे कंपनीला मान्य करावं लागलं, जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. त्या दिवसांत इथं ज्या कट्ट्यावर जावं तिथं एकच विषय, चप्पल घेतली ती घेतली, नाव का घेतलं नाही? काकाही तावातावानं बोलले असणार, कोल्हापुरातला कुठला काका गप्प बसलाय? माफीचा फोन जिरला की दुसऱ्या फोनवर हळूच म्हण, "काका, चपलेच्या वेळी तुम्हाला जसं झालं ना, तसं मला कार्यालयात झालं." नकाशापेक्षा हे लवकर पोचेल.

एक कामाचं सांगते, तू विचारलं नसलंस तरी. गप्पांत स्लोव्हाकिया झालं तर झालं, कागदावर होऊ देऊ नकोस. घरून मसाल्याचं पार्सल येणार असेल, बँकेतून पैसे जाणार असतील, तर फॉर्मवर देशाचं नाव तू स्वतः लिहून पाठव आणि ते वडिलांना जसंच्या तसं उतरवायला सांग. संगणकाच्या यादीत दोन्ही नावं एकाखाली एक येतात, काउंटरवरचा पोरगा घाईत वरच्यावर बोट ठेवतो. तुमचा कोड एसआय, त्यांचा एसके. फोनचा तुमचा ३८६, त्यांचा ४२१. एवढं घरातल्या फ्रीजवर चिकटवून ठेवायला सांग.

आता तुझ्या "मुंबईजवळ"कडं येऊ. मुंबई इथून पावणेचारशे किलोमीटरच्या घरात. ल्युब्लियानाहून व्हिएन्ना गाडीनं साधारण तेवढीच. तुझ्या त्या सहकारिणीची कुणी "ही व्हिएन्नाजवळची" अशी ओळख करून दिली तर तिला चालेल? विचारून बघ. तिच्या अख्ख्या देशाची लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास, आणि आपला एकटा जिल्हा २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार. मला गंमत याची वाटते की तू अशा लोकांत राहतेस ज्यांना उभ्या जगात "म्हणजे नक्की कुठं?" हे ऐकावं लागतं. तुझं दुखणं त्यांच्याइतकं कुणालाच कळायचं नाही, आणि तू त्यांनाच कोल्हापूर सांगायला कंटाळतेस!

तसं दरवेळी भूगोलाचा तास घेण्याची गरज नाही. टॅक्सीत, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या रांगेत खुशाल "मुंबईजवळ" म्हण. गडहिंग्लजचा माणूस मुंबईत कोल्हापूर सांगतोच की, त्यानं गडहिंग्लजचं काय बिघडलं? आणि कोल्हापूर म्हटल्यावर तरी लोकांना काय कळतं, हेही बघ. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून घाम फोडणारा लाल लगदा येतो. मंगळवार पेठेत कुणाच्या घरी शिजलेला बघितलास कधी? आपल्या पांढऱ्या रश्शात लाल तिखट नसतंच, हे सांगितलं तर पुणेकर आपल्याकडंच संशयानं बघतात. म्हणजे महाराष्ट्रातही आपण चुकीचेच ओळखले जातो, फक्त तिथं आपल्याला रडू येत नाही, उलट मिशीला पीळ देऊन "जगात भारी" म्हणतो.

पण रोज शेजारी बसून जेवणारीला "मुंबईजवळ" नको सांगू. ती उद्याही तिथंच बसणार आहे.

तुझ्या अंगणात एक गोष्ट आहे, माहीत नसेल तर सांगते. कोल्हापूरचे राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली इंग्लंडला गेले. परत येताना इटलीत, फ्लॉरेन्समध्ये, ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. पुढं १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत त्यांचा अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सची माणसं त्या जागेला काय म्हणतात? 'इंदियानो'. इंडियन. शंभरेक वर्षांनी शेजारून मोठा पूल बांधला, त्याचंही नाव 'इंडियनचा पूल'. करवीरच्या छत्रपतींचं सगळं नाव तिथं त्या एका शब्दात बसवलंय. राजाची ही गत, तर ऑफिसातल्या पोरीला वाळवंटातली समजलं यात नवल ते काय! तुझ्याकडून गाडीनं एका दिवसात पोचण्याजोगं अंतर आहे, सुट्टीत जाऊन ये, आणि त्या सहकारिणीला सोबत ने, येत असेल तर. कोल्हापूर सांगायला याच्याहून बरी सुरुवात युरोपात मला सुचत नाही.

आणि त्या बाईवर चिडू नकोस. तिनं विचारलं तरी. आपण शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतल्या पोरांना काय विचारतो? कुणी ओडिशाचा, कुणी झारखंडचा, कुणी बिहारचा, सगळे आपले 'भय्या'. तो ओडिया बोलतो, त्याचं घर समुद्राकाठी असेल, हे इथं कुणाच्या गावी नसतं. हे तुला टोमणा म्हणून लिहीत नाही, काकांचा फोन लागला की बोलायला विषय हवा म्हणून लिहिते.

पावसाचं उत्तर मात्र तिला नीट दे. गगनबावड्याचा पाऊस सांग. जुलैत राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की अख्खं कोल्हापूर एकमेकांना "किती फूट झालं?" एवढंच विचारतं, आणि पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, ते सांग. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं त्याचे फोटो घरच्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतील, ते मागवून घे. ती बाई बघतच राहील, कारण तिच्याकडं ऑगस्ट २०२३ मध्ये असाच पूर आला होता. साविन्या, कामनिश्का बिस्त्रित्सा अशा नद्यांनी गावंच्या गावं धुतली, देश स्वतंत्र झाल्यापासूनची सगळ्यात मोठी नैसर्गिक आपत्ती म्हणून तिथल्या सरकारनं ती जाहीर केली. त्या वेळी तू तिथंच असशील. काकांना सांगितलं होतंस कधी? पुराचं ऐकताना कोल्हापूरचा माणूस "तेच गं ते" म्हणणार नाही, तो विचारेल पाणी घरात शिरलं का, जनावरं कुठं नेली, वीज कधी आली.

चपलेच्या फोननंतरचा फोन हा असू दे. आणि ती सहकारीण पुराबद्दल काय सांगते ते मला सविस्तर लिही. तिथं ओसरल्यावर गाळ कोण काढतं आणि पंचनाम्याला किती दिवस लागतात, हे मला खरंच ऐकायचंय.

– आक्का