घरून काम करताना नोंदी आणि नियोजनासाठी कोणतं ॲप घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या कंपनीचं काम जुळे सोलापुरातून करता, मीटिंगच्या नोंदी नोशनमध्ये, किरकोळ कामं गूगल कीपमध्ये आणि घाईतलं सगळं स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सॲपमध्ये पडून असतं. आता सगळ्याला मिळून एकच ॲप हवंय. मी म्हणेन, एकाच्या मागे लागू नका. नोंदींना एक आणि वेळेच्या कामांना कॅलेंडर, एवढं पुरतं.

आधी नोंदींचं. माझे मामा अक्कलकोट रोडवर टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी होते. त्यांच्याकडे दोन वह्या. दिवसभरात जे जसं घडेल तसं रोजमेळात आणि संध्याकाळी त्यातलं एकेक उचलून ज्या त्या पार्टीच्या पानावर, खतावणीत. "रोजमेळ कुणी पण लिहितंय, खतवायला बसलं पाहिजे," असं म्हणायचे. मी तीन वर्षांत पाच ॲप बदलली, तेव्हा कुठे कळलं की माझ्याकडे रोजमेळ पाच होते आणि खतावणी एकही नव्हती. आता रोजचं एक पान असतं, त्यात मीटिंग, फोन, डोक्यात आलेलं सगळं पडतं. लॅपटॉप मिटायच्या आधी दहा मिनिटं त्यातलं कामाचं तेवढं त्या त्या प्रोजेक्टच्या पानावर नेतो. हे कुठल्याही ॲपमध्ये होतं. बहुतेकांत रोजच्या पानाची सोय आयतीच असते.

मग ॲप कशावर निवडायचं? मी दोनच गोष्टी बघतो. पहिली, वीज गेल्यावर वायफाय बंद पडलं की ते उघडतं का. उन्हाळ्यात आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. दुसरी, उद्या ते सोडायचं ठरवलं तर नोंदी सरळ बाहेर काढता येतात का. दुसऱ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही आणि तीच नडते. एव्हरनोट या नोंदींच्या ॲपने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत खात्याला ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं ॲप लोकांना इतकं आवडायचं, ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं.

या दोन्ही कसोट्यांवर मी ऑब्सिडियनवर थांबलो. त्यात प्रत्येक नोंद म्हणजे तुमच्याच लॅपटॉपवरची एक साधी टेक्स्ट फाइल. ॲप काढून टाकलं तरी ती नोटपॅडमध्ये उघडते. वापरायला मोफत आहे, आणि २०२५ पासून ऑफिसच्या कामासाठीही परवाना घ्यावा लागत नाही. मोबाईल आणि लॅपटॉपवरच्या नोंदी जुळत्या ठेवायची (सिंक) त्यांची स्वतःची सेवा मात्र पैसे देऊन घ्यावी लागते. ते नको असेल तर जॉप्लिन बघा. ते ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हवरून जुळतं आणि नोंदी कुलूपबंद करून पाठवता येतात. दिसायला दोन्ही रुक्ष आहेत, हे आधीच सांगतो.

नोशन वाईट नाही. चार जणांनी मिळून एक तक्ता भरायचा, तोच कधी कॅलेंडर म्हणून, कधी पाटीवरच्या चिठ्ठ्यांसारखा बघायचा, याला त्याच्या तोडीचं मला दुसरं सापडलं नाही. टीम तिथे असेल तर टीमचं तिथेच ठेवा. नेटशिवाय पानं उघडायची सोय तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये आली. कीप किराण्याच्या यादीला छान.

मराठीत लिहीत असाल तर एक अडचण येईल, ती कुठल्याच परीक्षणात वाचायला मिळाली नाही. मी एकदा 'मीटिंग' लिहितो, एकदा 'मिटींग', घाईत रोमन लिपीत. शोधताना यातलं एकच सापडतं. म्हणून प्रत्येक प्रोजेक्टला एक ठरलेली खूण दिलीय, ती कॉपी-पेस्टच करतो.

आता कॅलेंडर. माझी टीम बर्लिनला. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर सरकतात, म्हणजे आपल्यातलं अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. त्यांचं सकाळी साडेनऊचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, मी हिवाळ्यात 'रोज दुपारी २' असं टाकून ठेवलं. मार्चअखेरच्या सोमवारी मी दोनला हजर, आणि स्टँडअप एकलाच सुरू होऊन संपलेलं. तेव्हापासून परदेशातली मीटिंग टाकताना टाइम झोन त्यांचाच निवडतो, बाकी कॅलेंडर बघून घेतं. तुमचं पुण्याशीच काम असेल तर ही भानगड नाही. पाण्याचा दिवसही मी त्यातच टाकतो, पण तो चार-पाच दिवसांआड कधी सरकेल याचा नेम नसल्याने त्याला रिपीट लावता येत नाही.

ऑफिसचे पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती मात्र स्वतःच्या ॲपमध्ये ठेवू नका. कंपनीने जे दिलंय त्यातच राहू द्या.

आणि व्हॉट्सॲपमधला जुना पसारा हलवत बसू नका. मी एका रविवारी बसलो होतो, चाळिसाव्या मेसेजला सोडून दिलं. त्यातलं एक होतं 'रवीला विचारणे'. कोणता रवी आणि काय विचारायचं होतं, ते अजून आठवलेलं नाही.